पेरिझात स्केटिंगला कुठे जायची

२ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहा. म्हणून ही वही. सकाळी १५०/९०, संध्याकाळी १४५/९०. दोन आकड्यांसाठी अख्खं पान कोरं ठेवायचं माझ्या जिवावर येतं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तीस वर्षं काढली, कणीक काय नि कागद काय, वाया घालवायची सवय नाही. उरलेल्या जागेत दिवसाचं लिहीन.

सूनबाई आज उशिरा आली. पेरिझात औषधांच्या दुकानात काम करते, पाचला सुटते आणि साडेपाचला घरात असते. आज सात वाजले. गाल लालभडक, पापण्यांवर हिम. उभ्या उभ्याच वाडगाभर सूप प्यायली, मग बसून आणखी दोन. सप्टेंबरपासून चिमणीसारखं टोचून खात होती. मी विचारलं, "कुठे होतीस?" म्हणाली, "चालत आले, अपा." मला ती अपाच म्हणते, आईला म्हणावं तसं. बाहेर उणे बावीस. चालत म्हणे!

सप्टेंबरात जे झालं ते झालं. सहावा महिना होता. आमच्या घरात त्यावर कुणी बोलत नाही. खपली काढू नये. माझा सायात तर चौथ्या दिवशी खाणीवर हजर झाला. त्याचं काम महिनाभर तिकडे, पंधरा दिवस घरी. पुरुषाने असंच खंबीर राहावं.

९ डिसेंबर
१५५/९५. जिन्यात फ्रीडा भेटली. समोरच्या दारातली. पस्तीस वर्षं पावलोदारच्या ट्राम चालवल्या हिने, त्यामुळे शहराची गल्लीन् गल्ली पाठ आणि जिभेला ब्रेक नाही.

म्हणाली, "तुझी सून मला विचारत होती, उघड्यावर स्केटिंगला कुठे कुठे जाता येतं."

"पेरिझात? स्केटिंग?"

"मग काय ट्राम चालवायला? मी सांगितलं बाई सगळं. बागेतल्या तळ्यावर जा, तिथे गाणी लावतात आणि पडलं तरी कुणी हसत नाही. स्टेडियमवरचा बर्फ आरशासारखा, पण हॉकीवाले अंगावर येतात. घाटाखाली नदीवर मासे धरणारे म्हातारे बर्फ झाडून ठेवतात, पण तिथला वारा नाक कापून हातात देतो."

"एकोणतिसाव्या वर्षी? संसारी बाईने?"

"मी एकाहत्तराव्या वर्षी जाते."

"तुझं वेगळं आहे."

"का गं? मी बाई नाही?"

तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

११ डिसेंबर
हिवाळी बुटांच्या मागे पिशवी सापडली. आत पांढरे स्केट्स. कुणाचे तरी वापरलेले, पण नाड्या नव्या. चहाच्या वेळी टेबलावर ठेवले.

"हे काय?"

"स्केट्स, अपा."

"ते दिसतंय मला. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"फिरायला सांगितलंय. उघड्या हवेत."

"फिरायला, आपटायला नाही. थंडी बाईच्या अंगात कुठून शिरते माहीत आहे ना? उद्या पुन्हा दिवस राहिले तर?"

तिने माझा कप भरून पुढे सरकवला. एक आहे, पोर उलट उत्तर देत नाही. शेजारणींच्या सुना बघितल्या की मला आपलं नशीब कळतं.

१३ डिसेंबर
स्केट्स तळमजल्यावरच्या बाईंना देऊन टाकले. त्यांच्या बहिणीचा पाय तेवढाच आहे. समोर राहिले असते तर मोह झाला असता.

संध्याकाळी पेरिझात बुटांमागे बघत होती. "अपा, पिशवी?"

"दिली. अडगळ कशाला?"

ती तशीच उभी राहिली, एक हात भिंतीला. मग म्हणाली, "पाळणाही असाच दिलात. मी दवाखान्यातून यायच्या आत." आणि भांडी घासायला गेली.

आता पाळण्याचा नि स्केट्सचा काय संबंध? पाळणा पुतण्याच्या बायकोला दिला, तिला गरज होती. रिकामा पाळणा घरात ठेवणं चांगलं नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. तिच्या डोळ्यांसमोर नको म्हणून तर मी एवढी धावपळ केली. सायातला सुद्धा उचलायला लावला. कुणाला कशाचं काय वाटेल सांगता येत नाही. १६०/९५.

२२ डिसेंबर
आठवडाभर पुन्हा उशीर. "दुकानात मोजणी आहे, अपा." आज पाचला मी दुकानासमोरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. ती बाहेर पडली आणि घराकडे न वळता बागेच्या दिशेला गेली. मी मागून.

तळ्यावर दिवे लावले होते, कर्ण्यातून गाणी. मी चहाच्या टपरीआड थांबले. तिने भाड्याचे निळे स्केट्स घातले होते. एका पुरुषाने तिचे दोन्ही हात धरले होते. तो उलटा मागे सरकत होता आणि ती पुढे. पंचावन्नचा असेल, पण तगडा. बाजूला हिरव्या टोपीतली एक बाई टाळ्या वाजवत होती. आणि पेरिझात हसत होती. मान मागे टाकून, तोंड उघडून. सहा वर्षांत आमच्या घरात ती अशी हसल्याचं मला आठवत नाही.

मी तशीच मागे वळले. तिच्या आधी घरी पोचले आणि कांदा चिरायला घेतला.

२३ डिसेंबर
सकाळी सायातला फोन केला. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं, मीठमिरची लावली नाही. "कोण आहे तो?" म्हणाला. मी म्हटलं, मला काय माहीत, बायको तुझी, तू विचार. मागून यंत्रांची घरघर येत होती. मग म्हणाला, "एकतीसला येतोय."

हिरव्या टोपीवालीचं सांगायचं राहिलं. त्यात सांगण्यासारखं काय होतं म्हणा.

१ जानेवारी
सायात आला. जेवणं झाली. मासा चांगला झाला होता. १७०/१००.

४ जानेवारी
त्यांच्या खोलीत दुपारी आवाज चढले. मी टीव्ही मोठा केला. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये. मग टीव्हीच्याही वर सायातचा आवाज आला, एकच वाक्य. ते इथे लिहीत नाही.

दार उघडलं. पेरिझातने आपला निळा कोट चढवला होता. हातात छोटी बॅग, रडलेली नव्हती. घराची किल्ली टेबलावर ठेवली, मिठाच्या भांड्याशेजारी, अगदी नीट.

मी म्हटलं, "कुठे निघालीस? लोक काय म्हणतील?"

"तुम्ही मागून आला होता ना, अपा? चहाच्या टपरीशी. मला वाटलं होतं, पुढे याल."

गेली. येईल दोन दिवसांत. जाणार कुठे? माहेर बायानऔलला, वादळाने रस्ता बंद.

९ जानेवारी
आली नाही. फोन बंद. माहेरीही नाही, विहीणबाईंना आडून विचारलं तर त्यांनीच मला विचारलं, "सगळं बरं ना?" बरं म्हणाले.

१५ जानेवारी
सायात खाणीवर गेला. जाताना म्हटलं, शोध तिला. म्हणाला, "गेली तिने यावं." त्याचे वडील असेच होते. तेव्हा मला ते बाणेदार वाटायचं.

२० जानेवारी
औषधांच्या दुकानात गेले. तिथली पोरगी म्हणाली, "पेरिझात दुसऱ्या शाखेत गेली." कुठल्या? "ते सांगू नका म्हणाली होती." वर विचारते, "तुम्ही तिच्या कोण?" मी खोकल्याचं औषध घेऊन परत आले. मला खोकला नाही.

संध्याकाळी फ्रीडाकडे गेले. सगळं सांगितलं, टपरी, फोन, सगळं. ती मग म्हणाली, "ती पोर बर्फ सोडणार नाही. काम सोडेल, घर सोडेल, पण बर्फ नाही. आता कुठे तिला उभं राहता यायला लागलंय. चल, शोधू. मला सगळ्या जागा माहीत आहेत."

२४ जानेवारी
बागेतल्या तळ्यावर गेलो. उणे अठ्ठावीस, माणसं थोडी. फ्रीडाने स्केट्स चढवले आणि सुटली की ट्रामसारखी, वळणावर हात काढून. मी नमद्याचे जाड लोकरी बूट घालून कडेला. पेरिझात नव्हती. हिरवी टोपी होती.

मी जवळ गेले. "ऐका हो, इथे पेरिझात नावाची मुलगी यायची..."

"तुम्ही कोण?"

"तिची सासू."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिचं नाव नाइल्या. पलीकडे एका आजोबांचे दोन्ही हात धरून उलटा सरकत होता तोच माणूस. तिने हाक मारली, "मन्सूर, दोन मिनिटं या इकडे!" आणि मला म्हणाली, "हे माझे यजमान. शाळेत व्यायाम शिकवायचे, आता निवृत्त. इथे येईल त्याला शिकवतात. हात धरल्याशिवाय कुणाला उभं करता येतं का?"

मन्सूर हसून म्हणाला, "या आजींनाही शिकवू?" नाइल्याने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

ती म्हणाली, "पेरिझात पहिले तीन दिवस नुसती कठड्याला धरून रडायची. आम्ही विचारलं नाही. चौथ्या दिवशी तिनेच सांगितलं, मुलीचं."

"कुठल्या मुलीचं?"

"तिच्या. सप्टेंबरातल्या." मग जरा थांबून, "बोतागोझचं."

माझ्या आईचं नाव बोतागोझ होतं.

मुलगी होती हेही मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

२५ जानेवारी
१८५/११०. पडून होते.

२ फेब्रुवारी
सायातला फोन केला. म्हटलं, मी चुकले, तो माणूस तसला नव्हे, त्याची बायको शेजारीच उभी होती आणि मी ते पाहिलं होतं. तो म्हणाला, "आता कशाला सांगतेस, आई? मी बोलून बसलोय."

काय बोललास ते ऐकलंय मी, म्हटलं.

"तुझ्या पोटात काहीच टिकत नाही, माझं नावही टिकायचं नाही," त्याने स्वतःच उच्चारलं पुन्हा. मग बाप्या माणूस फोनवर हुंदके देऊन रडला. तिकडे कुणी हाक मारली तशी फोन ठेवला. सप्टेंबरात तो खंबीर नव्हता. त्याला कुठे रडायला जागा दिली होती आम्ही? पाळणासुद्धा त्यानेच खाली नेला, माझ्या सांगण्यावरून.

८ फेब्रुवारी
स्टेडियम. पेरिझात नाही. हॉकीवाल्यांनी खरंच फ्रीडाला आडवं केलं. ती उठून त्यांना जे बोलली ते इथे लिहिण्याजोगं नाही. तिकीटवाली म्हणाली, निळ्या कोटातली मुलगी गेल्या आठवड्यात दोनदा आली होती, एकटीच फेऱ्या मारत होती, कुणाचा हात न धरता. मला बरं वाटलं. का वाटलं कोण जाणे.

१५ फेब्रुवारी
नदीवर. इर्तिशवर मासे धरणारे भोकांपाशी बसले होते. त्यांनी झाडलेल्या पट्ट्यावर चार-दोन माणसं. त्यांत पेरिझात नाही. फ्रीडाने थर्मासमधला चहा काढला, आम्ही एका उलट्या होडीवर बसलो.

फ्रीडा म्हणाली, "रिस्ती, तुझं कधी असं झालं होतं?"

"दोनदा. सायातच्या आधी."

"मग?"

"मग काय? तिसऱ्या दिवशी सासूने गाईखाली बसवलं. दूध काढताना रडायला आलं तर म्हणाली, रडू नकोस, गाय बिथरते."

फ्रीडाने कप होडीवर ठेवला. "आणि हे तू पेरिझातला कधी सांगितलंस?"

"हे काय सांगायचं असतं?"

ती नाक पुसत राहिली. खरंच, तिथला वारा भयंकर आहे. माझेही डोळे गळत होते, ट्राममध्ये बसेपर्यंत.

२७ फेब्रुवारी
पेरिझातकडून घटस्फोटाचे कागद आले. सायातने वाचले आणि म्हणाला, "सही करतो. ती बरोबर आहे." मी म्हटलं, जाऊन पाय धर तिचे. म्हणाला, "गेलो होतो. नव्या दुकानात. काउंटरपलीकडून ऐकून घेतलं तिने सगळं. मग म्हणाली, सायात, मागे रांग लागली आहे."

म्हणजे तो शोधायला गेला होता. मला सांगितलं नाही. या घरात कोण कुणाला काय सांगतं?

९ मार्च
कारखान्याच्या वस्तीतलं फळ्यांच्या कुंपणाचं मैदान. फ्रीडाच्या यादीतलं शेवटचं. दुपारचं ऊन, बर्फावर पाणी साचलेलं, दाराला साखळी. राखणदार म्हणाला, मोसम संपला. निळा कोट? हो, शनिवारपर्यंत येत होती. शेवटच्या दिवशी नवशिक्या बायकांना हात धरून फिरवत होती. "तुमची मुलगी का?"

फ्रीडा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नाही. माझी सून होती."

२४ मार्च
काल नौरूझच्या सणाचं सगळं आवरलं. आज अकराच्या सुमारास बेल वाजली. पेरिझात. शिक्षणाची प्रमाणपत्रं कपाटात राहिली होती, ती न्यायला. अस्तानाला नोकरी लागली आहे, पुढच्या आठवड्यात निघणार.

चहा मी ओतला. कप अर्धाच भरला, पुन्हा मागता यावा म्हणून. ती पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली. केस कापलेत. चांगले दिसतात, पण मी तसं बोलले नाही. का नाही बोलले?

"मी तुला सगळीकडे शोधलं. बागेत, स्टेडियमवर, नदीवर."

"नाइल्याताईंनी सांगितलं. म्हणाल्या, तुझी सासू नमद्याच्या बुटांत बर्फावर उभी होती."

"मी चुकले, पेरिझात. फोन केला ते. तुझ्या वस्तू दिल्या ते."

"हो, अपा."

एवढंच. मी आणखी काही ऐकायची वाट पाहत होते. मग माझं तोंड थांबलं नाही. म्हटलं, "पण तूही आम्हाला काही बोलली असतीस. माझ्या आईचं नाव ठेवलंस, आणि ते मला परक्या बाईकडून कळावं?"

तिने कप खाली ठेवला. "मी सांगितलं होतं, अपा. सगळ्यांत आधी तुम्हालाच. दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही सफरचंद सोलत होता. मी म्हटलं, हिचं नाव बोतागोझ ठेवायचं माझ्या मनात होतं. तुम्ही म्हणालात, झोप आता, बोलू नकोस."

सफरचंद सोललं होतं ते मला आठवतं. साल एकसंध निघाली, तुटली नाही, तेही आठवतं. ती काही बोलली होती, हे आठवत नाही. डोक्याला कितीही ताण दिला तरी येत नाही.

"मला आठवत नाही गं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. रागाने नाही. दुकानात कुणाला औषध संपलंय असं सांगावं, तसं.

मी दुसरा कप ओतला. तोही अर्धा. तो तिने घेतला नाही, पण उठलीही नाही लगेच. नोकरीचं विचारलं, खोलीचं विचारलं. तिकडे नदी घट्ट गोठते, हिवाळाभर लोक तिच्यावर फिरतात, असं ती म्हणाली. बोलताना जरा खुलली. मी तेवढंच विचारत राहिले. बर्फ कसा असतो, कुठून उतरतात. सहा वर्षांत तिला एवढे प्रश्न मी कधी विचारले नव्हते.

दारात ती वाकून बुटांच्या चेन लावत होती. मी म्हटलं, "येशील ना कधी?"

"बघू, अपा."

ती गेल्यावर बराच वेळ दाराशी उभी होते. ती विचारायची, अपा, चार दिवस माहेरी जाऊन येऊ? मी म्हणायचे, बघू. अपा, या खोलीचे पडदे बदलूया? बघू. अपा, आपण दोघी कधीतरी कुठेतरी फिरायला जाऊया? बघू.

या घरात 'बघू'चा अर्थ काय होतो, हे तिला मीच शिकवलं.